डॉक्टरांच्या गाडीची टकटक

प्रिय ठमे,

पत्र बघून तू आधी आईला फोन लावशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, आम्ही दोघं धडधाकट आहोत. निदान वरवर पाहता. फोन हाताशी असताना हा माणूस कागद कशाला खरडतोय, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे आणि ते तुझ्याशीच निगडित आहे, पण ते लिहायला मला जरा धीर गोळा करावा लागेल. तोवर गॅरेजमधलं वाच. खरं सांगायचं तर मी घाबरलोय. तुझा बाबा घाबरतो हे तुला माहीत नसेल, मलाही आत्ताच कळलं.

दातांच्या डॉक्टरांची ती गोल दिव्यांची जुनी गाडी तुला आठवत असेल. एकदा तिच्या मागच्या सीटवर तू झोपून गेली होतीस आणि आम्ही तुला गल्लीभर शोधत होतो. तिचं इंजिन मी पुरतं उघडून पुन्हा जोडलं. सुरू करायच्या दिवशी डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि माझी छाती फुगली. थोड्या वेळाने डॉक्टर मान तिरकी करून म्हणाले, आत काहीतरी टकटक होतंय का हो? मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली, तुला शिकवलं होतं तसंच. काही नाही. मी हसून म्हणालो, डॉक्टर, दातांचं तुम्ही बघा, इंजिनाचं माझ्यावर सोडा. आणि वर शहाणपणा दाखवायला इंजिनाचा वेग आणखी वाढवला.

त्यानंतरचा धडाका मात्र मला ऐकू आला. आतला पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा बिडाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. मूठ जाईल एवढं भोक पडलं आणि गरम तेल जमिनीवर, माझ्या बुटांवर, डॉक्टरांच्या शर्टावर. हा माणूस जन्मभर लोकांना आ करायला लावतो, त्या दिवशी मी त्याच्यासमोर आ वासून उभा होतो. तसा ब्लॉक आता शोधूनही मिळत नाही. सगळा खर्च माझा, पण गाडी उभी करून देतो, असं मी बोलून बसलो.

उघडून पाहिलं तर रॉडचा बोल्ट ताणून बारीक झालेला आणि तिथेच तुटलेला. म्हणजे तो मीच वाजवीपेक्षा जास्त आवळला होता. हवा तेवढा ताण आला की टक् वाजणारा आपला पान्हा आहे ना, त्याने आवळलेला. पान्हा जुना झालाय, हाताला हिसका जाणवत नाही, नुसता आवाज येतो. मी सगळं खापर त्याच्यावर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं. एका पक्क्या बोल्टवर लावून ओढत बसलो, पुन्हा पुन्हा, पण टक् येईचना. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, पुरे की आता, केव्हाची टकटक लावलीय, बाहेरपर्यंत येतेय. मी तिच्यादेखत परत ओढला. ती म्हणाली, हा काय, वाजला. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, यावरून आमची किती भांडणं झालीत ते तू पाहिलंयस. त्या दिवशी ती भांडली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कान तपासून घेतले. बारीक आवाज गेलेच आहेत, बाकीचेही हळूहळू जातील म्हणे. कानाला यंत्र लावलं तर थोडंफार निभेल. त्या दवाखान्याच्या जिन्यात मी किती तरी वेळ बसून होतो. मला दुसरं येतं काय गं? आवाजावरून आजार ओळखायचा, एवढंच तर आयुष्यभर केलं.

मग बिडाचं वेल्डिंग करणारे एक म्हातारे काका गाठले. त्यांनी ब्लॉक निखाऱ्यांत तापवला, भोक भरलं आणि ब्लॉक राखेत पुरून ठेवला. बीड घाईने थंड केलं तर तडकतं, निवू दे त्याला, म्हणाले. मी रोज जाऊन राखेवर हात धरून बघायचो. रॉड एका भंगारातल्या इंजिनाचा मिळाला. जोडताना आई शेजारी स्टुलावर बसली. मी पान्हा ओढायचो आणि टक् झालं की ती बास म्हणायची. जन्मभर ती मला बास म्हणत आली, मी थांबलो तो आत्ता.

काल सुरू केलं. चावी फिरवायला हात धजेना, शेवटी आईनेच फिरवली. स्क्रू-ड्रायव्हर या खेपेला डॉक्टरांच्या कानाला होता आणि मी तळहात ब्लॉकवर ठेवला होता, चटका बसेपर्यंत. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, कीड नाही. सगळे हसले. मीही हसलो, आईच्या चेहऱ्याकडे बघून, जरा मागाहून.

गाडी गेली, भीती गेली नाही. कारण ठमे, फोनवरचं तुझं बोलणंही मला बरेच दिवस नीट ऐकू येत नाही. तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. मी आपला हो, बरं, छान असं करत राहतो. गाडीचा तो प्रकार होण्याच्या थोडं आधी तुझा फोन आला होता, आई घरी नव्हती. तू बराच वेळ बोललीस, मग गप्प झालीस. मला वाटलं आता माझी पाळी, म्हणून मी म्हणालो, छान झालं. तू फोन ठेवलास. त्यानंतर तू मला फोन केलेला नाहीस. परवा आईला म्हणालीस म्हणे, बाबांना सगळं सांगितलंय, त्यांनाच विचार. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मला काहीच सांगता येईना. मी कशाला छान म्हणालो गं? जे काही असेल ते मला लिहून पाठव, पहिल्यापासून, काही न गाळता. अक्षर मोठं काढू नकोस, डोळे अजून शाबूत आहेत.

तुझाच,
बाबा