चौदा तारखेची सलाईन

सोम. ४ नोव्हेंबर १९९६, कळस

विमा नामंजूर! एजंट महिपतराव पत्र घेऊन दारात उभे, आत यायलाही तयार नाहीत. "वयनी, माझ्या हातात काय न्हाय हो." कारण काय, तर ह्यांचा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा. पॉलिसी दोन वर्षांची आणि केसपेपरवर म्हणे लिहिलंय – छातीत दुखणं पाच-सहा वर्षांपासून.

साफ खोटं. श्रावणात दुखायला लागलं आणि तेरा सप्टेंबरला गेले.

डॉक्टरला थोडं सांगितलं तर तो थोडंच बघतो – आमच्या गावात सगळ्यांचाच हा हिशेब, पण सासूबाई त्यात पहिल्या नंबरच्या! कालची शिंक असली तरी सांगणार, "म्हयना झाला." तोंडावर विचारलं. चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाल्या, "आसंल बाई. मीच म्हणले आसंल."

स्वतःच्या लेकाचा विमा बुडवला. किती सहज!

गुरु. ७ नोव्हेंबर

बोलत नाही त्यांच्याशी. ताट वाढते, सरकवते, उठते.

शुक्र. ८ नोव्हेंबर

बारामतीहून दवाखान्याचं बिल आलं. विमा येईल म्हणून थांबले होते, आता सगळं माझ्या एकटीच्या पगारावर. तिसरीच्या वह्या तपासते तशी ओळ न् ओळ तपासली.

१४ सप्टेंबर – सलाईन चार, इंजेक्शनं सहा, रुग्णाचा चहा-नाश्ता.

चौदाला! तेराच्या दुपारीच ह्यांना घरी आणलं होतं. चौदाला या घरात चूल पेटली नव्हती, आणि तिकडं हे नाश्ता करत होते? विमा आहे म्हटल्यावर ह्या लोकांचा हात सैल सुटला. बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. खोटा का होईना, ह्यांचा एक दिवस जास्तीचा. मग फार रडू आलं.

रवि. १० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. यंदा आपल्याकडं काही नाही. सासूबाईंनी तरी उंबऱ्याशी एक पणती लावली. कुणी न विचारताच म्हणाल्या, "त्येला दार दिसाय पायजे." आजही बोलले नाही.

मंगळ. १२ नोव्हेंबर

एसटीनं बारामती. निघताना सासूबाई आडव्या आल्या – "रोहिणी, जाऊ दी. पैसं भरू कसंबी. ती कागदं काढू नगं." काढणार! घाबरायला मी काय चोरी केलीय?

काउंटरवरचा म्हणे, "मॅडम, टायपिंगची चूक असंल." म्हटलं, चहा-नाश्त्यासकट? मूळ केसपेपर दाखवा, तोवर हलत नाही. दोन तास बाकड्यावर बसले. शेवटी डॉक्टर आले, फाईल बघितली, चौदा तारीख मुकाट्यानं खोडून सही केली. सगळ्या कागदांची झेरॉक्सही घेतली, हट्टानं. गर्दीत उभ्यानं घरी आले, वाचायला जमलं नाही.

उद्या पहिलं पान सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचणार. आपण काय बोललो ते त्यांना कळू दे!

बुध. १३ नोव्हेंबर

वाचलं. त्रास कधीपासून – पाच-सहा वर्षं. माहिती देणार – पत्नी. खाली माझी सही.

आठवलं सगळं. हे घामानं निथळत होते आणि डॉक्टर मान वर करत नव्हता. मीच ओरडले होते – पाच-सहा वर्षांपासून दुखतंय, बघा ना हो! सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"म्हून म्हणत हुते, काढू नगं," एवढंच बोलल्या. आज ताट त्यांनी वाढलं.