इंदू, पापड आणि ट्रान्झिस्टर

प्रकाशा, २ फेब्रुवारी १९६५
आज पारावर लोटनला चांगलाच झापला. शहाद्याच्या बाजारात कोणी चिठ्ठी काढून सायकल देत होता. हा रुपया देऊन घरी आला तो फणी घेऊन! सगळ्यांसमोर ऐकवलं: बक्षिसाआधी पैसे मागतो तो चोर. आज घे, उद्या मिळणार नाही म्हणतो तोही चोर. आणि सगळ्यांनाच पहिला नंबर देतो तो महाचोर. लोटन म्हणाला, मास्तर, फणी तं बरी शे.
संकल्प: गावाला सावध करत राहणे.

४ फेब्रुवारी
साप्ताहिकात जाहिरात. काव्यरसिकांसाठी स्पर्धा! गाळलेला शब्द भरा: 'नभी शोभतो आज —— कसा हा'. फर्स्ट प्राइझ ट्रान्झिस्टर. प्रवेश फी नाही, म्हणजे चोर नाही. शिवाय कवितेत कोण कुणाला फसवणार?
सगळे गाढव 'चंद्र' लिहितील. पण हा भुजंगप्रयात आहे! चंद्र घातला की ओळ एका मात्रेने लंगडते. दोन्ही अक्षरं गुरू हवीत. चौथीच्या वर्गात टेबलावर छडीने ठेका धरायचो, लघु-गुरू-गुरू, आणि खिडकीबाहेर तापी त्याच तालात वाहायची. काय दिवस होते!
दुपारी: सापडला. इंदू!! कार्ड टाकलं.

५ फेब्रुवारी
दिवसभर इंदू, इंदू पुटपुटत होतो. आमची तापी (घरची, नदी नव्हे) भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, ही इंदू कोन शे? चंद्र गं, म्हटलं. तर म्हणे, चंद्र तं बाप्या शे. जेवायला नुसती भाकरी. भरीत शेजारी गेलं.
हिला सुई ओवता येत नाही, डाळीतले खडेही दिसत नाहीत. ते मला दातांनी शोधावे लागतात. चष्म्याचे पैसे मेथीच्या डब्यात आहेत. डोळ्यांचा डॉक्टर वीस तारखेला शहाद्याला येणार.
संकल्प: यंदा चष्मा नक्की. गेल्या वर्षीसारखं नाही.

१२ फेब्रुवारी
फर्स्ट प्राइझ!!! 'आपल्या प्रतिभेने परीक्षक स्तिमित झाले.' अख्ख्या महाराष्ट्रात मीच!
ट्रान्झिस्टर फुकट. फक्त पेटी, टपाल आणि 'काव्यनिधी' यांची रक्कम पार्सल सोडवताना भरायची. हे बक्षिसाआधी नव्हे, बक्षिसासोबत. फरक आहे. आठ दिवसांत न सोडवल्यास बक्षीस रद्द. ही घाई नव्हे, शिस्त. आणि रक्कम बरोबर चष्म्याएवढी! दैव दुसरं काय असतं?
पोस्टमन भाईदास म्हणाला, मास्तर, असा पाकिटं गठ्ठाना गठ्ठा येतस, जरा जपीसन. बिचारा. पोस्टात वृत्तं शिकवत नाहीत.
तापीला सांगितलं नाही. एकदम चकित करू. चष्म्यातून ती एकटीच पाहणार, रेडिओ दोघं ऐकू. हिशेब सरळ आहे.

१५ फेब्रुवारी, पौर्णिमा
पार्सल नाही. रेडिओ पारावर कुठे ठेवायचा ते ठरवून आलो. लोटन मागच्या ओळीत बसेल. नदीवर इंदू काय शोभत होता!

१७ फेब्रुवारी, सकाळ
मेथीचा डबा रिकामा करून पार्सल सोडवलं. फार हलकं. जपानी माल हलकाच असतो.

थोड्या वेळाने
पत्र्याचा आहे. आकडे रंगवलेले. कान पिळला की टिकटिक करतो. सेल घालायला जागा नाही. बिनसेलचा नवा शोध असावा. उन्हात ठेवून पाहिला.

दुपारी
तापला. बोलला नाही.
असो. पैसे गेले, मान राहिला. परीक्षकाला वृत्त कळतं, हे काय थोडं झालं?

१८ फेब्रुवारी
किराणावाला चुनीलाल हसत आला. हातात हुबेहूब तसंच पत्र. यालाही फर्स्ट प्राइझ, याच्याही प्रतिभेने परीक्षक स्तिमित! शब्द कोणता लिहिला, विचारलं. म्हणाला, पापड. गोल शे, पांढरा शे, आनि दुकानमा बी शे.
नभी शोभतो आज पापड कसा हा.
घरी येऊन मात्रा मोजल्या. वृत्त मोडतं, पण मात्रा भरतात. तेच जास्त झोंबलं.
चुनीलालने पार्सल घेतलंच नाही, परत धाडलं. म्हणाला, तुम्हीनच तं सांगं व्हतं पारवर, पैसा मांगस तो चोर. वाचनू तुम्हना आशीर्वादमुये. गूळ देऊन गेला. मी घेतला.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्या डॉक्टर. तापीने नवं लुगडं काढून ठेवलंय. काही तरी करायलाच हवं.
युक्ती सुचली! हिला नीट दिसतं कुठे? डबडं कोनाड्यात मांडलं, म्हटलं, बक्षिसाचा रेडिओ, ऐक. कान पिळला आणि कणगीमागे जाऊन बसलो. घोगऱ्या आवाजात बाजारभाव दिले, हवामान दिलं, मग भुजंगप्रयात लावला. तापी डोळे मिटून ऐकत होती. जिंकलो, जिंकलो!
मग तिने कोनाड्याला हात जोडले. म्हणाली, इंदूबाई, गानं गोड शे तुन्हं. पन त्या कणगीमांगला मास्तरले सांग, माले दिखत नही, पन हात शेतस. मेथीना डबा मी सकायमाच चाचपा.
ती थांबली होती. काही तरी उत्तर देणं भाग होतं.
घोगऱ्या आवाजात म्हटलं, बातम्या संपल्या.