धबधब्याचं वाण

१८ ऑगस्ट

उगाच घाबरत होते. जागा फार सुंदर आहे. कुवेंपुनगरच्या घरून सकाळी निघालो, हिनकल मागे पडलं, हुणसूरनंतर रस्ता झाडीत शिरला आणि शेवटचा तुकडा जीपनं. निशांत मला सोडून लगेच ऑफिसला परतला. अर्णवचं दहावीचं वर्ष. आठवड्यातले काही दिवस आई घरी नसणार हे बरोबर आहे का, हे मी वाटभर निशांतला विचारत होते. खरं म्हणजे स्वतःलाच. पण नाशिकचं कॉलेज सोडून म्हैसूरला आल्यापासून माझं वनस्पतिशास्त्र नुसतं गंजत पडलंय. इथे महाराष्ट्रातून येणाऱ्या पर्यटकांना जंगल समजावून सांगायचं, धबधब्यापाशी कचरा होऊ द्यायचा नाही, एवढंच काम.

निसर्गशिबिर चालवणारे तिरुमलराव आणि कमलिनीबाई पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचे मराठी. बाईंनी दारातच ‘बन्नी, बन्नी’ म्हणत हात धरून आत नेलं आणि दोसा वाढला. नोकरीच्या जाहिरातीत महाराष्ट्रातलीच बाई हवी असं का लिहिलं होतं, विचारलं. म्हणाल्या, आमचं मराठी ऐकून तुमची माणसं हसतात हो.

संध्याकाळी धबधबा पाहिला. धार उंचावरून थेट काळ्या डोहात पडते. कातळावर तऱ्हेतऱ्हेचे नेचे. पाणी डोहातून पुढे कुठे जातं, ते मात्र मला सापडलं नाही. उद्या शोधेन.

२६ ऑगस्ट

आज इथली गौरी. सकाळी सगळ्यांनी मिळून धबधब्याला बागिन दिलं. एका सुपावर दुसरं पालथं घातलेलं, आत हळदकुंकू, डाळ, गूळ, हिरव्या बांगड्या. आपल्याकडच्या वाणासारखंच. कमलिनीबाईंनी ते डोहात सोडलं. ते धारेखालून गोल फिरलं आणि नेमकं माझ्या पायाशी येऊन टेकलं. स्वयंपाकघरातल्या बायका हात पाठीशी घेऊन मागे सरल्या. मला वाटलं, त्यांचं काही सोवळं असेल. मी ओढणी पुढे धरून सूप उचलून घेतलं. आलेलं वाण परतवायचं नाही, असं आई सांगायची.

कमलिनीबाईंचे डोळे भरून आले. बांगड्या त्यांनी स्वतः माझ्या हातात भरल्या.

माझा या कशावर विश्वास नाही. मग घेतलं का? निव्वळ शिष्टाचार. एवढा दांभिकपणा चालावा.

३१ ऑगस्ट, कुवेंपुनगर

बांगड्या कोरड्या होत नाहीत. पुसल्या की पुन्हा ओल्या. साबण लावूनही निघत नाहीत. रात्रभर फ्रिजमागच्या भिंतीतून पाणी पडल्यासारखा आवाज येतो; निशांत म्हणतो, वरच्यांची टाकी असेल. असेलही. अर्णवनं जेवताना विचारलं, आई, तुझ्या हाताला कुजक्या पानांचा वास का येतो.

७ सप्टेंबर

खलबत्त्यात हात धरून बांगड्या ठेचून पाहिल्या. काचेला चराही पडला नाही. मनगट सुजलं. कोपरापर्यंतची कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. डॉक्टरांनी मलम दिलं. आज जागी झाले तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते.

१३ सप्टेंबर, शिबिर

कमलिनीबाईंना सरळ विचारलं. त्या मेथी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. काहीही लपवलं नाही. धबधबा वर्षाला एकीला बोलावतो. जिच्याकडे बागिन असतं, ती सर्वपित्री अमावस्येला आपल्या पायांनी डोहात जाते. एका वर्षी बागिन कुणीच उचललं नाही, तेव्हा यांची थोरली सून गेली. आता धाकटी, पावनी, गरोदर आहे.

“इथल्या बायका हात मागं घेतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं वाण परतवत नाहीत, नव्हं? म्हणून तर तुमच्यातली बाई हवी होती. सुम्ने, उगीच रडू नका आता. तुम्हीपण कुणालातरी द्या की.”

घेणारीनं आपणहून घ्यायला हवं, म्हणाल्या. तिला कुणी सावध केलं, तर सावध करणारीकडे ते परत येतं.

तिरुमलरावांनी आतून विचारलं, कॉफी देऊ का. मी हो म्हणाले. का म्हणाले?

१७ सप्टेंबर

कुणालाही द्यायचं नाही, असं ठरवलं. रात्री पुन्हा ठरवलं. पुन्हा ठरवावं लागतं, म्हणजे ठरलेलं नव्हतं.

नाशिकच्या बसमध्ये बसले होते. डोळा लागला. जागी झाले ती शिबिराच्या वाटेवर, अनवाणी, उभी.

२० सप्टेंबर

पांढरेपण खांद्यापर्यंत. फोनवर अर्णव गणितातलं काहीतरी सांगत होता. मला फक्त धार ऐकू येत होती.

उद्या सांगलीचे लोक येणार. मी खोलीतच थांबेन. सूप पलंगाखाली —

नाही. बरोबर नेलं तर काय होतं? नुसतं बरोबर.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

डोहाजवळ. कातळावर बसून लिहितेय. बाकीचे वर जेवताहेत. खाली फक्त एक जोडपं — ऋचा, आणि तिचा नवरा. नवीन लग्न.

सूप माझ्या मांडीवर होतं. तिनंच पाहिलं. म्हणाली, “अय्या, वाण? आमच्याकडं नाही म्हणत नाहीत हं.” आणि पदर पसरला.

मी दिलं नाही. मांडी जराशी हलली, एवढंच —

बांगड्या माझ्या हातातून अलगद निघाल्या. तिला बरोबर बसल्या. माझा हात कोरडा आहे. उबदार आहे.

ती पाण्याकडे निघालीय. नवरा फोन धरून — “अजून जरा मागं हो. हां. झकास.” मलाही बोलावतोय, ताई, तुम्हीपण या की फोटोत. मी वही उंचावून दाखवली. लिहितेय म्हणून.

गुडघ्यापर्यंत. ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडे —

ओरडले तर ते माझ्याकडे येईल. अर्णवची दहावी —

जोवर लिहितेय तोवर ओरडता येत नाही. हे खरं नाही. ठाऊक आहे मला.

कमरेपर्यंत. तो अजून हसतोय —

वाक्य संपलं की ओरडेन, हे वाक्य संपलं की, पण यात अजून लिहायचंय की ऊन आहे, आणि पाणी फार गार असतं, आणि तिचा पदर वर तरंगतोय, आणि