हर्षालीची सव्वा मूठ

सोमवार, २१ जुलै २०२५, पाचोरा
आणले — गहू पाच किलो, १९०. हरभरा डाळ अर्धा किलो, ४५. गूळ, ५५. नारळ पाच, १७५.
कानबाई देवीचा सण तीन तारखेला. तिच्या नैवेद्याच्या रोटाचा गहू आज मोजला. आमच्या घरची रीत, दर पुरुषामागे सव्वा मूठ. यांची, मुलाची — ललितची, मोठ्या भाऊजींची, त्यांच्या नातवाची — तेजसची. तेवढ्यात हर्षालीने हात पुढे केला. "आजी, आता माझी." सात वर्षांची नात माझी. माझ्या थोरल्या जाऊ, द्रौपदा वहिनी हसल्या, "पोरीसनी मूठ कोठे ऱ्हास!" पोरींची कुठे मूठ असते, म्हणे. सगळेच हसले. मी तिचा हात धरून फरशीला टेकवला. "मध्ये मध्ये नको गं." मोजणी चुकेल, एवढेच डोक्यात.
सून कामिनी दारात उभी होती.

मंगळवार, २२
कामिनी पहिल्या गाडीने हर्षालीला घेऊन धुळ्याला गेली. देवपूरला, माहेरी. आमच्या पोळ्या करून, झाकून गेली.

बुधवार, २३
फोन उचलत नाही. ललितला मेसेज आला, त्यात एक शब्द इंग्रजी. ह्युमिलिएशन. मी मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीसवाली, धड्यात हा नव्हता. ललित म्हणाला, "अपमान गं, आई." मग साधे अपमान का नाही लिहिले तिने?

गुरुवार, २४. दिव्यांची अमावास्या
शेजारच्या लताबाईंना विचारले. तीस वर्षे इंग्रजी शिकवले त्यांनी. म्हणाल्या, "जुन्या लॅटिनमध्ये ह्युमस म्हणजे माती. माणसाला जमिनीपर्यंत खाली आणायचे, असा तो शब्द आहे, ताई." आणि नम्र माणसासाठीचा इंग्रजी शब्दही त्याच मातीतला म्हणे. "आपण होऊन खाली बसलो तर तो. दुसऱ्याने बसवले तर हा."
घरी आले, दिवे लावले. ती फरशी समोरच. मी हात दाबला तेव्हा तिची बोटे उघडी होती. खाली गेल्यावर मिटली.
कामिनीने शब्द बरोबर लिहिला.

शनिवार, २६
जेवताना यांना सांगितले, रोटात हर्षालीची मूठ घालणार.
"आजवर कोणी घातली?"
"नाही."
"मग?"
"कानबाई कोण? बाईच ना?"
यांनी पानातली पोळी संपवली. मग म्हणाले, "वहिनींना तूच सांग." म्हणजे हो!
हर्षालीला कार्ड टाकले. ललित हसतो, पण पोरीला कार्डाचे फार वेड. वाचायला लागली तेव्हापासून, ती धुळ्याला गेली की मी पाठवते. लिहिले — "आजी चुकली. तुझा हात मी खाली ठेवायला नको होता. तुझी मूठ तूच मोजायची. तोवर दळण थांबवले आहे. उलट टपाली कळव." शेवटचे वाक्य नेहमीचेच.

मंगळवार, २९. नागपंचमी
वहिनींना सांगितले. "देवी रागे भरी," म्हणाल्या. मी म्हटले, भरली तर माझ्यावर भरेल. पोस्टमन आला नाही.

गुरुवार, ३१
धुळ्याहून पाकीट. आत रुमाल, त्याला गव्हाच्या दोन गाठी. आणि मोठ्या वाकड्या अक्षरात —
"आजी, एका गाठीत माझी सव्वा मूठ आहे. दुसरीत तुझी. तुझी पण कोणी मोजली नव्हती. तुझी मूठ केवढी असते ते माहीत नाही, म्हणून माझ्याच मुठीने मोजली. आई म्हणते, आजीने दोन्ही घातल्या तर शनिवारी येऊ. चालेल ना? उलट टपाली कळव."