बंदूक मला, जमीन तुला

बोरगाव,
मंगळवार

प्रिय सौरव,

तुझे फोन बघते, पण उचलत नाही. घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. रक्षाची परीक्षा संपली, तुझे दाजी कामावर गेलेत, आणि मी ओट्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितेय. फोनवर बोलले असते तर शिव्या घातल्या असत्या, नाहीतर रडले असते, आणि दोन्ही वेळेला तू 'आक्का, आक्का' करून मला गुंडाळलं असतंस. तुला ते लई झकास जमतं. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्राला मधेच तोडता येत नाही.

काल मी बेळगावला गेलते, आप्पा गेल्यावर बंदुकीच्या दुकानात जमा केलेली आपली बंदूक आणायला. परवाना झाला रं माझ्या नावावर! डीसी ऑफिसात हेलपाटे घालून चपला झिजल्या. तिथला एकजण कन्नडात विचारतो, बाईमाणसाला कशाला बंदूक? मीही कन्नडातच ऐकवलं, आमच्या पणज्याची आहे, आज्ज्याची आहे, बापाची आहे, आता माझी आहे. त्यानं माझे कागद पुढं ओढले. दाजी म्हणाले, बोरगावात रानडुकरं नाहीत, मारणार कुणाला? मी म्हटलं, मारायला कुठं पाहिजे, ती घरात असली तरी बास.

गेल्या दसऱ्याची गोष्ट तुला आठवत असेलच. आप्पांना उठवत नव्हतं, तरी पूजेला त्यांना सोप्यात आणून बसवलं. सगळी भावकी जमलेली. पूजा झाल्यावर आप्पांनी बंदूक उचलली आणि थेट माझ्या मांडीवर ठेवली. 'बंदूक रूपालीची. जमीन सौरव बघंल.' जयाबाई आत्यानं तोंडाला पदर लावला. आपल्या भावकीत पोरीच्या हातात कधी नारळ दिला नाही कुणी, आणि मला बंदूक! मी इतकी फुगले, इतकी फुगले, की सगळ्यांसमोर म्हणाले, मला जमिनीतला ढेकूळसुद्धा नको, मला सगळं मिळालं. तू तेव्हा दाराला टेकून उभा होतास, बोटात किल्ल्या फिरवत. हसलास. मला वाटलं, आक्काचं कौतुक वाटतंय.

तिची लहानपणापासूनची सेवा माझी होती ना. नागोजी पणजा फौजेतनं पेन्शनीला आला आणि रान राखायला त्यानं ही रायफल घेतली, हे आज्जा सांगायचा तेव्हा तू झोपून जायचास. नळीतनं तेलाचं फडकं ओढायचं काम माझं, दस्ता पुसायचं माझं, काडतूस आत सारणारा बोल्ट उघडून साफ करायचंही माझंच. पुढे आप्पांनी बोल्टला हात लावू देणं बंद केलं. 'ते ऱ्हाऊ दे, माझं मी करतो.' मला वाटलं, पोरगी मोठी झाली म्हणून जपतायत.

ते कधी बंद झालं, ते काल एसटीत बसल्यावर आठवलं. गुंडूकाकांशी बांधावरनं भांडण झालं त्याच्या नंतर. तू कॉलेजातलं पोर, मिसरूडही धड फुटलं नव्हतं, आणि बंदूक घेऊन काकांच्या छातीवर रोखलीस. आप्पांनी ती हिसकावली आणि तुझ्या थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी तुला आणि बंदुकीला मोटरसायकलवर घालून बेळगावला घेऊन गेले. मला सांगितलं, सर्व्हिसिंगला नेतोय.

दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी काल बोल्ट काढला आणि सहज विचारलं, 'पिन आणलीसा न्हवं? बसवून देतो.' मला काही कळेना. म्हटलं, कसली पिन? तर म्हणाले, 'काडतुसावर आपटती ती. तुमच्या वडलांनीच काढायला लावल्याली. संगट पोरगं होतं, त्याच्या हातात दिली की मी.' पिन नसलेली बंदूक, सौरव. तिच्यापेक्षा आईचं मुसळ बरं, त्यानं पोहे तरी कांडता येतात.

ती पिन कुठं आहे हे मला विचारावं लागलं नाही. तुझ्या गाडीच्या किल्लीला लटकणारी ती बोटभर पोलादी काडी. आप्पांच्या उशाशी दवाखान्यात बसून फिरवत होतास तीच. रक्षानं मागितली तर म्हणालास, उद्यमबागेतल्या कारखान्याच्या मशीनचा पार्ट आहे, माझा लकी आहे. पोरगी बिचारी अजून मला म्हणते, मामाकडून तसला एक आण.

आईला फोन केला. आधी 'मला काय ठावं न्हाय' झालं. मग रडत म्हणाली, 'पोरानं खून केला असता गं, म्हणून काढली. तुझं आप्पा त्याला म्हणालं, ही जवळ ठेव, राग आला की हिला हात लाव.' यात मी आप्पांना नाव ठेवत नाही. बापानं पोराला वाचवलं, बरंच केलं. मलाही तू हवाच होतास.

पण त्यानंतर आपल्या रानाच्या वरच्या पट्टीत आलेला तो गवा आठव. भात पोटरीत आलं होतं. सकाळी धुकं उतरत होतं आणि आपण दोघं बांधावर, डुकरं हाकायला. झाडीतनं तो निघाला तो डुक्कर नव्हे, हा एवढा थोरला गवा, आणि उभा राहिला आपल्यासमोर. मी तुला मागं ओढलं आणि बंदूक खांद्याला लावली. तू माझा पदर धरून रडत होतास, 'आक्का, चल मागं, आक्का, नको.' मी तुला भित्रा म्हणाले. म्हटलं, माझ्या हातात काय आहे ते बघ की! गवा आपला आपण वळून गेला म्हणून वाचलो. घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि ताट सारून उठले. मी किती वर्षं मिरवली ती गोष्ट. सासरी सांगितली, रक्षाला सांगितली. तुला माहीत होतं रं. तू माझ्या पाठीमागं उभा होतास आणि तुला माहीत होतं. एक शब्द बोलला असतास तर मी पळाले असते.

पुढेही बोलला नाहीस. मी दर दसऱ्याला तिला हळद-कुंकू लावत होते, तू बघत होतास. आप्पांनी ती माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा तर तुम्हा दोघांनाही माहीत होतं की पोरीला काय देतोय आणि तिच्याकडून काय सोडवून घेतोय. मला मान नको होता, सौरव. मला फसवायचं नव्हतं तुम्ही. मागितली असतीस तर मी जमीन हसत दिली असती, हे तुलाही ठाऊक आहे.

गुरुवारी खानापूरला रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडीच्या सहीला ये, म्हणून तुझे फोन चाललेत. त्यासाठीच हे लिहिलं. मी येणार नाही. बंदूक दुकानातच ठेवून आले, तुला हवी तर परवाना काढून घे, मी आडवी येणार नाही. मला माझी वाटणी पाहिजे, आणि ती वरच्या पट्टीतच पाहिजे, गवा आला होता तिथं. ती जागा मी मोकळ्या हातानं राखलीय. हे वाचून तुला राग येईल. आला की किल्लीच्या त्या पिनेला हात लाव. आप्पांनी ती त्याचसाठी दिलीय तुला.

तुझीच, अजूनही,
रूपाली आक्का