वाणातले ठिपके

आई, काल संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू झालं आणि वाण म्हणून मी काढलेली चित्रं वाटली गेली. तू असतीस तर आधी हसली असतीस, की हा आणि चित्रं? तू ज्या मुलाला ओळखत होतीस तो फक्त बोलायचा. लालबाग-परळच्या चौकांत, ठाकूरद्वारच्या सभागृहांत, दादरच्या व्याख्यानमालांत मी आयुष्यभर बोललो. विमा कंपनीतली नोकरी पोटासाठी होती, खरं काम हे. कामगारांवर बोललो, जातीवर बोललो, बायकांच्या माथी मारलेल्या रूढींवर तर इतकं बोललो की निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी काही महिने गप्प राहायला सांगितलं. गप्प कसं राहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाचायला बसलो तर पानापानावर लेखकाशी वाद घालावासा वाटे. शेवटी दादरला एका रंगांच्या दुकानात शिरलो आणि अॅक्रिलिकच्या छोट्या बाटल्या आणि तळहाताएवढे कॅनव्हास घेऊन आलो. काय काढायचं ते ठाऊक नव्हतं. कॅनव्हास काळा रंगवला, ब्रश उलटा धरला, त्याचं मागचं टोक रंगात बुडवून टेकवलं. एक ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी मला कळलं नाही.

ठिपकेच का, असं कुणी विचारलं तर मी सांगत नाही, पण तुला सांगतो. काळाचौकीच्या त्या खोलीत तू दाराच्या उजेडाला बसली आहेस. बाबा जाऊन थोडेच दिवस झालेत, गिरणीचा पगार थांबलाय, आणि कंत्राटदार बाईने मखमली टिकल्यांची भेंडोळी आणि पाकिटांचे कागद आणून टाकलेत. चिमट्याने एकेक टिकली उचलून तू कागदावर चिकटवतेस. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात एक हसरी बाई छापलेली आहे, तिच्या कपाळावर ठसठशीत लाल टिकली, आणि तिच्यावर वाकलेलं तुझं कपाळ मोकळं. कडा फाटलेली, डाग पडलेली टिकली कंत्राटदार बाई घेत नसे. ती तू टाकून देत नव्हतीस. शेजारच्या लोखंडी कपाटाच्या अंगावर लावून टाकायचीस, हाताला येईल तिथे, कसलीही नक्षी मनात न धरता. वर्षभरात कपाटाची ती बाजू लाल, काळ्या, जांभळ्या ठिपक्यांनी भरून गेली. मला त्याची लाज वाटायची. मित्र आले की मी तिथे टॉवेल टांगायचो. चाळ पाडायच्या वेळी कपाट भंगारात गेलं आणि मी तेव्हा मागे वळूनही पाहिलं नाही. आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर मी तेच करतो आणि लोक ते विकत घेतात.

विकतो म्हणजे काय, दादरला छोटी प्रदर्शनं भरतात, तिथे एक टेबल घेतो. लोक येतात, चित्र हातात घेऊन फिरवून बघतात आणि विचारतात, हे फूल आहे का, आकाश आहे का, ध्यानाचं काही आहे का. मी म्हणतो, ठिपके आहेत. एक बाई म्हणाल्या, "एवढंच? आणि त्याचे पैसे घेता?" मी म्हटलं, "ठिपक्यांचे घेतो. अर्थ तुम्ही घरी जाऊन लावा, तो फुकट." त्या हसल्या आणि दोन घेऊन गेल्या. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा अर्थ लोकांना ओरडून सांगितला, त्याला अशी वस्तू विकायला मिळावी याचं मला मनातून फार सुख आहे. घसा पुढे सुधारला. सभांना मी पुन्हा जातो. पण सकाळचे दोन तास ठिपक्यांचे, ते कुणाला देत नाही.

तर संक्रांतीच्या आधी महिला मंडळाच्या अध्यक्षा आल्या. चाळिशीची, बँकेत नोकरी करणारी, हुशार मुलगी आहे. मला काका म्हणते.

"काका, यंदा प्लास्टिकचे डबे नकोत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तुमची ती छोटी चित्रं द्या ना वाणाला. घरोघरी लागतील."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "कुणाकुणाला बोलावणार?"

"म्हणजे, नेहमीच्याच. सवाष्णी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "काका, भाषण नको हां. मला अजून भाजी फोडणीला टाकायचीय."

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना?"

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे परळच्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचे यजमान गणपतीनंतर गेले. "त्यांना कसं बोलवायचं काका? वर्षसुद्धा झालं नाही. त्यांनाच ऑकवर्ड होईल."

"त्यांना बोलावणार असाल तर चित्रं. नाहीतर एकही नाही."

"मी एकटी थोडीच ठरवते? सगळ्यांच्या सासवा आहेत वर."

"मग सगळ्या मिळून ठरवा."

"बरं. मग स्टीलच्या वाट्या बघते," ती म्हणाली, लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली. "तुमचं बरोबर आहे हो काका. पण तुम्ही बरोबर असलात ना, की समोरच्याला बोलायलाच काही उरत नाही."

ती गेल्यावर मला कसं वाटलं म्हणतेस? ताठ. तुझी सून गेली त्याला बरीच वर्षं झाली. मला त्यानंतर कुणी कशातून वगळलं का? उलट दारोदारचे डबे आले, लग्नामुंजीत पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, पूजेला बसा म्हणून आग्रह झाले. बायको मेलेल्या पुरुषाच्या कपाळावरून कुणी काही पुसत नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर एक बाई, जिने हजारो लोकांच्या जखमा बांधल्या, तिने दिवा लागल्यावर खालच्या हॉलमधले आवाज ऐकत बसायचं. हे मी आजही म्हणतो, कुठल्याही व्यासपीठावर म्हणेन. अशा खोलीत माझं चित्र जाणार नाही, ज्या खोलीत तुला बोलावलं गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईच दारात उभ्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तुम्ही माझ्यावरून भांडलात म्हणे."

"तुमच्यावरून नाही. तत्त्वाचा प्रश्न—"

"नाव तर माझंच घेतलंत." आवाज शांत होता, पेशंटशी बोलावं तसा. "कालपासून मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबतं. आज एकजण म्हणाली, तुम्ही या हो, आमची काही हरकत नाही. हरकत! ऐकलंत ना?"

"म्हणूनच तुम्ही जायला हवं." माझा आवाज चढत होता, माझा मलाच ऐकू आला. "तुम्ही गेलात तरच ही माणसं—"

"त्यांनी येऊ नका असं ठरवलं, तुम्ही यायलाच हवं असं ठरवलंत. मला कोणी विचारलं?"

टेबलावर चित्रं वाळत पडली होती. त्यांनी तिकडे पाहिलं. "ते कडेचं ओलं आहे. बाही लागेल तुमची," म्हणाल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

त्या गेल्या तिथे, दारात, मला तू दिसलीस. मी ऐन पंचविशीतला, अंगात नुसती वाफ. चाळीसमोरच्या मैदानात आम्ही विधवांना कुंकू लावण्याचा जाहीर कार्यक्रम ठरवला होता. मी धावत वर येतो आणि सांगतो, आई, पहिली तू. स्टेजवर पहिली खुर्ची तुझी, मी स्वतः बोलणार आहे. तू चिमटा खाली ठेवत नाहीस. हातातली टिकली कागदावर नीट बसवतेस आणि मग वर बघतेस. "तुजा भाषण बरा असता. पन माका तेच्यात घालू नको." मी वाद घालायला लागतो. मी वाचलेलं सगळं तुझ्यापुढे ओततो, धर्मशास्त्र, सुधारक, कायदा. तू ऐकून घेतेस. आणि शेवटी म्हणतेस, "माज्या कपाळार काय लावूचा ता मी ठरवीन. माजा कपाळ म्हणजे तुजा स्टेज नाय." मी रागाने न जेवता निघतो तेव्हा मागून तुझा आवाज येतो, "माका पटला नाय म्हणान भात कित्याक टाकतंस?"

कार्यक्रम तुझ्याशिवाय झाला. चांगला झाला. घोडपदेवहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने कुंकू लावून घेतलं आणि आरसा मागितला. तो कार्यक्रम चुकीचा होता असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. तू मात्र पुढे कधीच टिकली लावली नाहीस, आणि का नाही ते सांगितलंही नाहीस. रूढी मानत होतीस, बाबांची आठवण होती, की मी सांगितलं म्हणूनच नाही, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तुझ्या त्या वाक्याला उत्तरं शोधत आलो. काही उत्तरं फार चांगली आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

संध्याकाळी मी अध्यक्षांच्या दारात गेलो. ती पोळ्या करत होती. म्हटलं, "चित्रं घ्या. अट काढली."

"तुम्ही? काका, बरं वाटत नाहीये का?"

"एक विनंती आहे. तुम्ही स्वतः तिसऱ्या मजल्यावर जा आणि त्यांना यायचंय का ते विचारा. हरकत नाही वगैरे म्हणू नका. नुसतं विचारा. आणि त्या काय म्हणाल्या ते मला सांगू नका."

"सांगू नको?"

"नको."

ती पोळी उलटायची विसरली. "काका, हे भाषणापेक्षा अवघड आहे हो," म्हणाली. जाईन असं म्हणाली नाही, नाही जाणार असंही नाही.

चळवळीतल्या जुन्या सोबत्यांना हे कळलं तर ते याला माघार म्हणतील. मीही तसंच म्हटलं असतं, आणि जोरात. कारण अध्यक्षा विचारायला गेलीच नसती तर माझी चित्रं अखेर त्याच बंद दाराच्या खोलीत गेली असती, मी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोललो त्या समारंभाची शोभा झाली असती. हे डोक्यात घेऊन मी ठिपके देत बसलो. अॅक्रिलिक लवकर वाळतं. रंग पातळ झाला तर ठिपका बसकण मारतो, घट्ट झाला तर टोक निघतं. आणि चुकला तर ओला असेपर्यंत फडक्याने उचलता येतो, वाळला की राहिला. रागात हात चालला की ठिपके एकमेकांना चिकटत. मग थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. दोन ठिपक्यांमध्ये जागा सोडणं हे मला फार उशिरा जमायला लागलंय आणि अजूनही रोज जमत नाही.

काल दिवेलागणीला खालचा हॉल भरला. पुरुषांचं तिथे काम नसतं, मी घरात दार उघडं ठेवून बसलो. गुलाबपाण्याचा वास वरपर्यंत आला, उखाणे ऐकू आले, कुणीतरी नाव घेताना अडखळली आणि सगळ्या हसल्या. मी पुस्तक उघडून एकच पान धरून होतो. कोण आलंय, कोण नाही, हे जिन्यातून दोन मजले उतरून सहज कळलं असतं. मी उठलो नाही.

आठच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडंच होतं, तरी त्यांनी बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात माझं चित्र, निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं.

"हे उलट आहे की सुलट?"

"तुम्ही लावाल तसं."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "घ्या, तिळगूळ."

त्या हॉलमधून वर आल्या होत्या, की कुणी ते वाण त्यांच्या घरी नेऊन दिलं होतं, मी विचारलं नाही. अध्यक्षा गेल्या होत्या का, काय म्हणाल्या, तेही नाही. तिळगूळ घेतला. त्यांच्या हाताकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, त्या वळल्यावर पायांतल्या चपलांकडे बघितलं. कपाळाकडे बघितलं नाही.

आई, मेल्यानंतर कुणी काही ऐकत नाही हे मी शेकडो लोकांना पटवून दिलंय आणि मला ते पटलेलं आहे. त्यामुळे हे कागद कुठे जायचे नाहीत, आणि लिहिलेलं चारचौघांत वाचून दाखवायची माझी खोड असली तरी हे कुणाला वाचून दाखवणार नाही. एवढं मात्र तुझ्यापाशी कबूल करतो, की बघावंसं फार वाटलं.