मध्येच सोडून गेलेली एक

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुला माझ्या कामाबद्दल सांगायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी जेवून घे." तंत्रज्ञान वापरून इंग्रजी कसं शिकवतात, कसं शिकतात, यावर अलीकडे काय काय संशोधन झालं, त्याचा आढावा मला लिहायचाय. दोन महिने लेख वाचतेय. आधी सीडीवाले, मग मोबाइलवाले, आता यंत्राशी गप्पा मारून इंग्रजी शिकवणारे. दरवेळी नव्या यंत्राचं तोंडभरून कौतुक, आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ की काही जण मध्येच सोडून गेले, त्यांना हिशेबात धरलेलं नाही. माझ्या एम.एड.च्या प्रबंधातही ती ओळ आहे. त्या ओळीत एकच बाई आहे, ती तू.

घोडपदेवच्या आपल्या विहारात तेव्हा महिला मंडळाने सहा जुने कॉम्प्युटर बसवले होते. कॉम्प्युटरवरून इंग्रजी शिकवायच्या माझ्या प्रयोगासाठी मला बायका हव्या होत्या, आणि हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून तू सगळ्यांच्या आधी येऊन बसायचीस. वॉर्डात आया म्हणून तुझी वीस वर्षं गेली. डॉक्टर तुझ्यासमोर इंग्रजीत काय बोलतात ते तुला एकदा कळून घ्यायचं होतं. माझा नियम साधा होता. कानाला हेडफोन लावायचा, यंत्र म्हणेल ते म्हणायचं, शेजारणीशी बोलायचं नाही. चौथ्या दिवशी बघते तर हेडफोन टेबलावर, आणि तू बाजूच्या मावशींना शिकवतेयस, "म्हण, पेशंट इज स्लीपिंग. अगं, तुझा म्हातारा घोरताना डोळ्यांसमोर आण, मग बरोबर येतंय." मावशी हसत होत्या, पण म्हणतही होत्या. नेमक्या त्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडम बघायला आलेल्या. माझा नुसता जळफळाट झाला. सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर बाकीच्यांना तरी शिकू द्या." तुम्हाला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. ड्यूटी बदलली, म्हणालीस. मी प्रबंधात लिहिलं, वैयक्तिक कारण. आता बरेच अभ्यासक लिहितात की यंत्र खुशाल वापरा, पण शिकणाऱ्यांना एकमेकांशी बोलू द्या. वाचताना मला तुझा अभिमान वाटतो आणि रडूही येतं. तुझी बाजू घेऊन मी आढाव्यात दोन पानं लिहिलीयत. वाचणाऱ्याला वाटेल, किती समजूतदार बाई आहे ही.

त्या दोन पानांत जे नाही ते इथे लिहिते. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहवतंय. तुझी ड्यूटी बदलली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या दिवशी मी तुला बोलल्यावर मॅडमनी मला विचारलं, "या कोण?" तू दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस. मी म्हटलं, "आमच्या चाळीत राहतात." आणि तू मॅडमना हात जोडून म्हणालीस, "हो, बाजूच्याच खोलीत."